यजमान कोण?

गेल्या पावसाळ्यात शब्बाथशाळेच्या एका शिक्षिकाबाईंचे पत्र आम्हांला आले. त्यांच्या मंडळीस कोणी एक टॅब्लेट दान दिला आहे. मुलांकरिता घेतलेला लहान कीबोर्ड आहे, बोटांनी ताल धरावयाचे एक पॅड आहे, आणि माइकही आहे. ही सर्व साधने एकाच टॅब्लेटला एकाच वेळी जोडता येतात काय, आणि येत असल्यास उपासनेत तसे करणे उचित आहे काय, असे दोन प्रश्न बाईंनी विचारले होते. दोन्हींचे उत्तर "होय" असे एका पोस्टकार्डावर मावले असते. परंतु आमच्या स्वतःच्या मंडळीत हाच उद्योग दीड वर्ष चालला आहे, आणि त्यातून एक तिसरा प्रश्न उभा राहिला. तो बाईंनी विचारलेला नाही. आम्हांलाही तो वेळेवर सुचला नाही, आणि म्हणूनच हे लिहिणे भाग पडले.

आधी जोडणीविषयी, कारण ज्याला ती करावयाची आहे त्याला नुसत्या उपदेशाचा काही उपयोग नाही.

आमची मंडळी बेळगावकडच्या सीमाभागातली, लहानशी. सकाळी मराठी उपासना, तिच्यामागून त्याच मंदिरात कन्नड उपासना. त्यामुळे सामान मांडायला अर्धा तास आणि आवरायला दहा मिनिटे, असा हिशेब असतो. टॅब्लेटला पोर्ट एकच. त्या एका पोर्टला चार साधने जोडावयाची म्हणजे मध्ये हब हवा. एका नळाला चार तोट्या बसवाव्यात तशी ही डबी. आमच्या तरुण संघाने बाजारातली सर्वांत स्वस्त डबी आणली. कीबोर्ड जोडला, दिवा लागला. पॅड जोडले, त्याचे रंगीबेरंगी दिवे लागले. तिसरे साधन जोडले आणि सगळेच विझले.

कारण साधे होते. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे एका पोर्टातून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर वीज मिळावी. आणि ज्या हबला स्वतःची वीज नाही तो आपल्या प्रत्येक तोटीस फक्त १०० देऊ शकतो. पॅडच्या दिव्यांनाच तेवढी पुरत नाही. टॅब्लेट तर आपली बॅटरी राखण्यासाठी याहूनही हात आखडता घेतो. तेव्हा घ्यावयाचा तो हब भिंतीतल्या प्लगावर चालणारा, स्वतःचा अॅडॅप्टर असलेला घ्यावा. आणि तोच टॅब्लेटलाही वीज पुरवील असा मिळाला तर उत्तम, नाहीतर उपदेश लांबला की शेवटच्या गीताला बॅटरी संपते. (उपदेश लांबतातच. पाळकसाहेबांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

दुसऱ्या रविवारी वीज पुरली, पण पॅडवर थाप मारली की बासरी वाजू लागली. मुले हसू लागली, आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. हे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे. कीबोर्ड किंवा पॅड यांच्या तारेतून आवाज जातच नाही. जाते ती केवळ खबर : अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, मधला सा ज्याला पाश्चात्त्य लोक मिडल सी म्हणतात तो ६०. जोरालाही तसेच क्रमांक. या खबरेच्या भाषेला मिडी म्हणतात. तिच्यात १६ वाटा असतात, आणि कोणत्या वाटेवर कोणते वाद्य बसवावयाचे ते टॅब्लेटमध्ये ठरवावे लागते. आमचा कीबोर्ड आणि आमचे पॅड दोघेही पहिल्याच वाटेने बोलत होते, आणि त्या वाटेवर बासरी बसली होती. पॅडला दहाव्या वाटेवर नेले, तालवाद्यांची रूढ वाट तीच आहे, आणि ढोलक ढोलकासारखा वाजला.

तिसऱ्या रविवारची फजिती अधिक मोठी. एका कुटुंबाने आपला नवा मोठा कीबोर्ड आणला. तो जोडताच मंदिरातले लाउडस्पीकर मुके झाले आणि सगळा आवाज त्या कीबोर्डाच्या पोटातल्या लहान स्पीकरातून येऊ लागला. त्याचे असे आहे की खबर देणारी साधने टॅब्लेट कितीही घेतो, परंतु आवाज आत-बाहेर करणारे साधन तो सहसा एकच धरतो, आणि बहुधा शेवटी जोडलेले धरतो. हात पुष्कळ असले तरी मुख एकच. म्हणून आवाजाचे यंत्र, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, ते शेवटी जोडावे; आणि ज्या कीबोर्डात स्वतःचा आवाज नेण्याची सोय असेल तिथे ती बंद करावी. यंत्रे घेताना ती वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय चालणारी आहेत ना, हे दुकानदाराला विचारावे. टॅब्लेटवर असले सॉफ्टवेअर बसविता येत नाही. आणि बिनतारी ब्लूटूथच्या मोहात पडू नये. त्यात आवाज इतका मागे राहतो की वाजवणारा आणि गाणारा यांचा मेळ बसत नाही. तारेनेही थोडा उशीर होतोच, पण सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका. हवेतून आवाज तेवढ्या वेळात सुमारे साडेतीन मीटर चालतो, म्हणजे पेटी दोन बाकांवरून ऐकावी तितकेच. तेवढे कोणाच्या लक्षात येत नाही.

इतके केल्यावर आमचे गायन सुरळीत चालू लागले, आणि आम्ही देवाचे आभार मानले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ही जी एका तारेची सोय, ती सिद्ध करणाऱ्या इंटेल कंपनीतील अभियंत्यांत प्रमुख होते अजय भट्ट. ते बडोद्याचे, तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. बडोद्याची आमची मराठी मंडळी हे वाचून सुखावतील. मिडीची भाषा त्याहून जुनी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे एकमेकांचे व्यापारी प्रतिस्पर्धी. पण १९८३ च्या जानेवारीत एकाच्या कारखान्यातले वाद्य दुसऱ्याच्या वाद्यास जोडून लोकांसमोर वाजविण्यात आले, आणि ती भाषा कोणत्याही कारखान्याने फुकट वापरावी असे ठरले. पुढे १९९९ मध्ये ती यूएसबीच्या तारेतून नेण्याचे नियम झाले. चाळीस वर्षांपूर्वीचे वाद्य आज टॅब्लेटशी बोलू शकते ते या औदार्यामुळे. दोन प्रतिस्पर्ध्यांना हे जमले. आमच्या एकाच शहरातल्या दोन मंडळ्यांना नाताळचे एक गायनपथक जमत नाही. असो.

आता बाईंचा दुसरा प्रश्न : उपासनेत हे उचित काय? यावर आम्ही फार वेळ घेणार नाही. यंत्र परके आहे, म्हणून मंदिरात नको, हा आक्षेप आपल्या मंडळ्यांत नेहमी निघतो आणि नेहमी पेटीच्या नावाने निघतो : "आपली पेटी बरी." परंतु ती पेटी तरी कोठची? हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसला जन्मली. पायाने भाता मारण्याऐवजी हाताने मारावयाची, जमिनीवर बसून वाजवावयाची असे तिचे देशी रूप १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडविले. परकी आणि आपल्या रागांना न मानवणारी म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढले, ते १९७१ पर्यंत. आणि तिकडे आमच्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी तिच्यातून जे काढून दाखविले ते ऐकलेल्यांना ती परकी वाटली नाही. त्याहून मागे जायचे तर आपल्याच धर्मसुधारणेच्या काळात, १५२० च्या दशकात, ज्यूरिकमध्ये झ्विंग्लीने उपासनेतील ऑर्गन बंद पाडले. आणि तो स्वतः तर कितीतरी वाद्ये वाजविणारा. त्याचे भय वाद्याचे नव्हते, वाद्य ऐकण्यात मंडळीचे मन गुंतून जाईल याचे होते. ते भय आम्ही खोटे म्हणणार नाही. पण ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजनाची वाट घालून दिल्यावर, टाळ-मृदंगासह प्रभूचे नाव घेणाऱ्या मराठी मंडळीने टॅब्लेटला भ्यावे असे काही नाही. वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोणाच्या जागी आली हे पाहावे. येथून तिसरा प्रश्न सुरू होतो.

आमच्याकडे पेटी वाजविणारे एक गृहस्थ आहेत. सगळी मंडळी त्यांना काका म्हणते. आम्हीही म्हणतो, जरी वयात फार अंतर नाही. शिक्षण फार नाही, स्वरलिपी येत नाही, उजव्या हाताचे एक बोट कामावर दुखावल्यामुळे नीट वळत नाही. चाळीस वर्षे त्यांनी प्रत्येक रविवारी पेटी वाजविली आहे. पुष्कळ वेळा चुकले आहेत. त्यांची पेटी यूएसबीने जोडता येत नाही, हे सांगावयास नकोच. ती टॅब्लेटपर्यंत पोहोचवावयाची तर एकच मार्ग : तिच्यासमोर माइक ठेवावा आणि तो ऑडिओ इंटरफेसमध्ये घालावा. आमच्या इंटरफेसला माइकाची तोंडे दोन. एक गायनपुढाऱ्याचे. उरले एक.

त्या एका तोंडासाठी पंचांची बैठक झाली. तरुण संघाला तेथे गिटार हवी होती. गिटार वाजविणारा मुलगा हुशार, कॉलेजात शिकणारा, आणि आमच्यासारख्या लहान मंडळीत असा मुलगा रविवारी येतो हीच कृपा. काकाही बैठकीस होते. कोणीतरी चाचरत पेटीचे नाव काढले तेव्हा तेच म्हणाले, "माझं काय हो, पेटीला माइक कशाला? चाळीस वर्षं बिनमाइकाचीच वाजतेय. पोराला द्या." सर्वांना बरे वाटले. ठराव एकमताने झाला. आम्हीही हात वर केला होता.

पुढच्या रविवारपासून लाउडस्पीकरातून कीबोर्ड, ताल, गिटार आणि गायन येऊ लागले, आणि त्यांच्याखाली, जमिनीवर बसून, काका पेटी वाजवीत राहिले. त्यांचा सूर आमच्या पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचत नव्हता. शिवाय पेटीचा सा आणि टॅब्लेटचा सा जुळत नव्हता. जुनी पेटी थोडी चढी. म्हणून काका हळू वाजवू लागले. मग फक्त भाता मारू लागले की काय असे वाटे. दोनेक महिन्यांनी ते पेटी घेऊन येईनासे झाले, मागच्या बाकावर बसू लागले, आणि गीतपुस्तक उघडून इतरांप्रमाणे गाऊ लागले. कोणी त्यांना काढले नव्हते. कोणी वाकडा शब्द बोलले नव्हते. विचारले असते तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितले असते की काकांविषयी मंडळीला आदर आहे.

येथे आम्हांला जे टोचते ते हे. वाईट हेतूने केलेले पाप ओळखता येते. त्याचा पश्चात्ताप करता येतो. परंतु येथे हेतू कोणाचाच वाईट नव्हता. एक सोयीची रचना होती, तिच्यात दोन तोंडे होती, आणि ज्याला तार नाही तो आपोआप बाहेर राहिला. अशा वेळी दोष कोणाचा? "रचनेचा" असे म्हणणे सोपे आहे. परंतु रचनेला विवेकबुद्धी नसते. ती असलेले आम्ही सात जण त्या खोलीत बसलो होतो. काकांनी आपण होऊन जागा सोडली हे खरे. पण नम्र माणसाने जागा सोडली म्हणजे आपण ती घेण्यास मोकळे झालो काय? आमच्या मते नाही. नम्र माणसाच्या नम्रतेवर आपला ठराव उभारणे ही एक सभ्य रीतीची चोरीच आहे.

याचा विचार करीत असताना आम्ही त्या जोडणीचेच नियम पुन्हा वाचून काढले, आणि त्यांत एक शब्द आम्हांला अडला. यूएसबीच्या परिभाषेत टॅब्लेटला यजमान म्हणतात. बाकीची साधने म्हणजे पाहुणे म्हणा. नवे साधन जोडले जाते तेव्हा त्याला नाव-गाव नसते. त्याचा पत्ता शून्य असतो. यजमान त्याला विचारतो, तू कोण, तुला काय येते, तुला किती वीज लागेल. आणि मग १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो. येथवर फार सुंदर. आमच्या मंदिराच्या दारात नवख्या माणसाची इतकी विचारपूस होत नाही. पण पुढचा नियम असा की कोणतेही साधन आपण होऊन बोलू शकत नाही. यजमान फेरा धरतो, एकेकाला विचारतो, "तुझे काही आहे काय?" आणि ज्याला विचारले तोच बोलतो. हे इतक्या वेगाने चालते की वाजविणाऱ्याला कळतही नाही. आणखी एक : दोन साधने एकमेकांशी कधीही बोलत नाहीत. कीबोर्डाला शेजारी पॅड आहे याची वार्ताही नसते. जे काही एकत्र येते ते फक्त यजमानाच्या ठायी येते.

व्यवस्था म्हणून ही निर्दोष आहे. गोंधळ नाही, भांडण नाही. पुष्कळ मंडळ्या याच नमुन्यावर चालतात, आणि चांगल्या चालतात असे समजले जाते : मध्यभागी एक पाळक किंवा एक कर्तबगार वडील, सगळ्या तारा त्याच्याकडे, विचारले तर बोलावे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील शरीर मात्र या जातीचे नाही. तेथे डोळ्याला हाताशी बोलावे लागते. हाताची गरज नाही असे म्हणण्याची डोळ्याला मुभा नाही, आणि एका अवयवास दुखले की शेजारच्याला ते कळते, मस्तकाकडून निरोप येण्याची वाट न पाहता. शिवाय जे अवयव अशक्त दिसतात त्यांची तेथे अधिक गरज सांगितली आहे. दोन तोंडांच्या यंत्रावर बसविता येईल असे ते शास्त्र नव्हे.

कोणी म्हणेल, तुम्ही एका हबवर फार मोठा बोजा टाकता आहात. कदाचित. पण शलमोनाने मंदिराचे समर्पण केले त्या दिवशीची हकीकत (२ इतिहास, ५ वा अध्याय) शब्बाथशाळेत शिकविताना आम्ही नेहमी १२० कर्णे वाजविणारे याजक मोजून पुढे जात होतो. यंदा आम्ही थांबलो. इतके कर्णे, झांजा, सारंग्या, वीणा, आणि आसाफ, हेमान, यदूथून यांची घराणी. आणि सर्वांचा सूर जणू एक. तेथे मध्ये यंत्र नव्हते. मग एक सूर झाला कसा? ज्याने कधी पाचपन्नास माणसांच्या भजनात टाळ धरला आहे त्याला ठाऊक आहे : शेजाऱ्याकडे कान ठेवूनच तो होतो. काका तेच करीत असत. तिसऱ्या ओळीशी म्हाताऱ्या बायांचा श्वास संपतो हे त्यांना ठाऊक होते. ते भाता जरा सैल सोडून त्यांच्यासाठी थांबत. टॅब्लेटच्या आपोआप चालणाऱ्या तालाला मिनिटाला ८४ मात्रा सांगितल्या की ८४. म्हाताऱ्या बाया मागे पडत गेल्या, आणि मग ओठ मिटून उभ्या राहू लागल्या. आमच्या घरातल्याच एकीने हे आम्हांला सांगितले. आमच्या कानांना ते कळले नव्हते. आमचे कान लाउडस्पीकरांनी भरले होते.

आणि यजमान या शब्दाविषयी आणखी एक. लूकाच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, वल्हांडणाच्या त्या भोजनाच्या वेळी, मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद झाला तेव्हा प्रभूने जेवावयास बसणारा आणि वाढणारा यांची तुलना केली, आणि आपण वाढणाऱ्याच्या जागी आहोत असे सांगितले. यजमान तोच, आणि वाढपीही तोच. टॅब्लेट यजमान आहे हे आम्ही मान्य करतो. तर मग वाढण्याचे काम त्याचे.

आम्ही त्या तरुणाला विचारले, जो ही सारी मांडामांड करतो, "बाळ, हा टॅब्लेटचा सूर पेटीप्रमाणे चढवता येतो का रे?" तो म्हणाला, "येतो की. दोन मिनिटांचं काम आहे. कोणी विचारलंच नाही." हे उत्तर आम्हांला फार दिवस पुरले. पेटीचा सूर बदलावयाचा तर कारागिराकडे नेऊन तिच्या पितळी पट्ट्या एकेक घासाव्या लागतात. टॅब्लेटमध्ये ४४० च्या जागी दुसरा आकडा लिहावा लागतो. ज्याला वाकता येत नव्हते त्याच्याकडून आम्ही दोन महिने वाकण्याची अपेक्षा केली, आणि ज्याला सहज वाकता येत होते त्याला कोणी सांगितलेच नाही. बळकटांनी अशक्तांचा भार वाहावा, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे, तो भार किती हलका असू शकतो हे त्या दिवशी कळले. काकांना पेटी घेऊन बोलावले. त्यांनी सा धरला, मुलाने आकडा चढवीत नेला, ४४५ च्या आसपास दोन्ही एक झाले. काका काही बोलले नाहीत. भाता मारीत राहिले.

परंतु ही गोष्ट येथे गोड संपत नाही, आणि तशी ती संपविणे अप्रामाणिक होईल. दुसरे तोंड पेटीला दिले. गिटार आपल्या लहानशा वेगळ्या स्पीकरवर वाजावी असे ठरले. त्या मुलाला ते रुचले नाही. दोन रविवार तो आला; मग शहरातल्या एका मोठ्या सभेला जाऊ लागला, जेथे गिटारी तीन आहेत आणि तोंडेही पुष्कळ. नाताळला आला, हसून भेटला, निघून गेला. त्याच्या आईवडिलांनी आम्हांला काही म्हटले नाही, हे आम्हांला अधिक जड जाते. म्हाताऱ्याला जागा देताना तरुण गमावला, असे पंचांपैकी एकाने बोलून दाखविले. त्याला आमच्याजवळ सबळ उत्तर नाही. आम्ही एवढेच म्हणू शकलो की दोघांनाही बसविता आले असते, जर पहिल्याच बैठकीत कोणी विचारले असते. तेव्हा दोघे एकमेकांशेजारी बसायला तयार होते. नंतर एकाची जागा दुसऱ्याला दिली असे दिसले. उशिरा केलेला न्याय कोणाला तरी अन्याय वाटतो. चार तोंडांचे यंत्र घ्यावे यासाठी यंदाच्या कापणीच्या सणाच्या लिलावात रक्कम जमते का ते पाहावयाचे आहे. मुलगा परत येईल म्हणून नव्हे. पुढचा येईल त्याच्यासाठी.

आपोआप चालणारा ताल आम्ही बंद केला आहे. पॅड आता एक मुलगी हाताने वाजविते, आणि ती चुकते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, शिक्षिकाबाईंसाठी. मांडामांड करणारा तो तरुण येत्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्यास जाणार आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळ्यांत हे नवे नाही. बेळगाव काय, इंदूर काय, हैदराबाद काय, घडविलेले हात दर दोन-चार वर्षांनी निघून जातात. एका मंडळीत असा मुलगा गेल्यावर टॅब्लेटचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता, आणि ते यंत्र आजही कपाटात आहे असे आम्ही ऐकले. म्हणून आमच्या मुलाने शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गातल्या तिघांना शिकविण्यास घेतले आहे. त्यांनी एका पुठ्ठ्यावर जोडणीचा क्रम लिहून कपाटाच्या दारास आतून चिकटविला आहे. आधी हबचा प्लग. मग टॅब्लेट. मग कीबोर्ड, वाट १. मग पॅड, वाट १०. शेवटी इंटरफेस. परवलीचा शब्द पाळकसाहेबांकडे.

गेल्या रविवारी आम्ही लवकर गेलो होतो. तिघे मुले तारा सोडवीत बसली होती, आणि काका पेटीचे झाकण काढून रुमालाने पट्ट्या पुसत होते. पुठ्ठ्यावर, इंटरफेसच्या ओळीखाली, वेगळ्या शाईने कोणीतरी एक ओळ वाढविली आहे : काकांकडून सा घेणे. अक्षर कोणाचे ते आम्ही विचारले नाही. मुलीने मान वर करून "काका, द्या" म्हटले, आणि त्यांनी दिला.